चहाच्या मळ्यातील चरित्रे

१८३८ साली कलकत्त्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले. त्याचा लेखक चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस हा मूळचा नौदलातला माणूस. वरच्या आसामात सदिया येथे त्याने कंपनी सरकारच्या तोफांच्या होड्या सांभाळल्या आणि १८३६ पासून तो तिथल्या चहालागवडीचा अधीक्षक झाला. पुस्तकाचे नाव त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लांबलचक आहे. मराठीत त्याचा आशय असा : वरच्या आसामात सदिया येथे, त्याच कामासाठी पाठवलेल्या चिनी माणसांकडून काळा चहा सध्या कसा तयार होतो, त्याची हकीगत. चहा करणारे कोण आणि त्याची हकीगत लिहिणारा कोण, ही वाटणी या नावातच होऊन गेलेली आहे.

पुस्तकात कृती बारकाईने दिली आहे. खुडलेली पाने बांबूच्या टोपल्यांत उन्हात पसरायची, दोन्ही तळव्यांनी थोपटून मऊ करायची, लोखंडी कढईत परतायची, मेजावर हाताने वळायची, पुन्हा परतायची आणि शेवटी कोळशाच्या मंद आंचेवर सुकवायची. त्याखेरीज पुस्तकात एक संभाषण आहे. ब्रूस विचारतो आणि चहा करणारे चिनी उत्तरे देतात. लागवड, माती, तोडणीचे हंगाम अशा विषयांवर प्रश्नोत्तरे चालतात. साहित्याच्या अभ्यासकाला इथे थांबावेसे वाटते. संवाद हा प्रकार आपण ग्रीक तत्त्वचिंतनापासून महानुभावांच्या लीळांपर्यंत ओळखतो आणि त्यात ज्ञान असते ते उत्तर देणाऱ्यापाशी. इथेही ते उत्तर देणाऱ्यापाशीच आहे. पण नाव आहे ते फक्त प्रश्न विचारणाऱ्याला. उत्तरे देणारे सगळे मिळून ‘चहा करणारे चिनी’.

मराठीत ‘कारकीर्द’ हा शब्द आपण पूर्वी राजांसाठी, पेशव्यांसाठी राखून ठेवला होता. मग तो प्राचार्यांना, खेळाडूंना आणि नटांना मिळाला. मजुराला तो आजही सहसा लावला जात नाही. मजुराची हयात जाते. चहाचा उद्योग हा जगातल्या असंख्य माणसांनी आपले आयुष्य ज्यात घातले असा उद्योग. त्यात कारकीर्द कोणाच्या वाट्याला आली आणि हयात कोणाच्या, हे आसाम आणि श्रीलंका या दोन ठिकाणच्या लिखाणातून आम्हांला पाहायचे आहे.

आधी प्रसंगाची थोडी पार्श्वभूमी. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी संपली. इंग्लंडला चहाची चटक लागलेली, आणि चहा तर चीनच्या हातात. तेव्हा १८३४ च्या आरंभी बेंटिंकने चहासमिती नेमली आणि त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला समितीने कळवले, की चहाचे झुडूप वरच्या आसामात मुळातच उगवते. सिंगफो लोकांना हे समितीच्या किती तरी आधीपासून ठाऊक होते. ते ही पाने भाजून बांबूच्या नळ्यांत ठासून ठेवत आणि उकळून पीत. १० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये आसामी चहाच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला आणि पुढच्याच महिन्यात आसाम कंपनी स्थापन झाली.

कंपनीला माणसे हवी होती. तिने पेनांग, सिंगापूर इथून शेकडो चिनी आणवले. पिवळा वर्ण आणि वेणी असली की चहा येत असणार, असा काहीसा तर्क त्यामागे असावा. वाटेतच तंटे झाले, बहुतेकांना परत लावावे लागले. चीनमधून चहाची रोपे आणि कसबी कारागीर मिळवण्यासाठी १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट फॉर्च्यूनला धाडले, वर्षाला पाचशे पौंडांवर. त्याने डोके भादरून वेणी लावली, चिनी वेष केला, चीनच्या अंतर्भागातून रोपे आणि बिया काचेच्या बंद पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी पोचवल्या आणि १८५१ मध्ये कारागीरही बरोबर आणले. १८५२ मध्ये त्याचे प्रवासवर्णन निघाले. ते आजही वाचनीय आहे. चोरीची एवढी प्रसन्न हकीगत इंग्रजी गद्यात क्वचितच सापडेल. मात्र चहाचा इतिहास म्हणून लोक फॉर्च्यूनपाशीच का घुटमळतात, याचे उत्तर त्याच्या धाडसापेक्षा त्याच्या लेखणीत शोधावे लागेल.

लेखणी हाती असलेला एक भारतीय माणूसही या कथेत आहे. त्याची कथा आम्हांला सर्वांत गुंतागुंतीची वाटते. मणिराम दत्त बरुआ, लोकांच्या तोंडी मणिराम देवान, याचा जन्म १८०६ चा. अहोम राज्याच्या पडत्या काळात वाढलेला, इंग्रजांच्या आगमनाचा लाभ घेतलेला, महसूल खात्यात चढत गेलेला हा गृहस्थ. सिंगफोंच्या चहाची वार्ता रॉबर्ट ब्रूसला, म्हणजे चार्ल्सच्या भावाला, त्यानेच दिली असे सांगतात. १८३८ मध्ये त्याने ‘बुरंजी विवेकरत्न’ हा इतिहासग्रंथ रचला. बुरंजी म्हणजे अहोमांची बखर म्हटले तरी चालेल. म्हणजे ज्या वर्षी ब्रूस चहाची हकीगत छापत होता, त्याच वर्षी मणिराम आपल्या देशाची हकीगत लिहीत होता. पुढच्या वर्षी तो आसाम कंपनीचा दिवाण झाला. पगार दरमहा दोनशे रुपये. नाझिरा येथे त्याने कंपनीचा कारभार पाहिला, धंदा आतून समजून घेतला आणि काही वर्षांतच नोकरी सोडून स्वतःचे मळे लावले, एक जोरहाटजवळ सिनामारा येथे आणि दुसरा सिंग्लो येथे. गोऱ्या मळेवाल्यांना जमीन ज्या सवलतींनी मिळे, त्या त्याला नव्हत्या. तरीही तो टिकला. पहिला भारतीय मळेवाला म्हणून इतिहास त्याला ओळखतो तो या उद्योगामुळे.

१८५३ मध्ये मॉफट मिल्स हा न्यायाधीश आसामच्या कारभाराची तपासणी करायला आला, तेव्हा मणिरामने त्याच्यापुढे सविस्तर अर्ज ठेवला. कर, अफू, बाहेरून आणलेले कारकून, देवस्थानांची आबाळ असे पुष्कळ त्यात आहे. मिल्सने त्याला हुशार पण भरवशाचा नसलेला कारस्थानी ठरवले. त्या अर्जातली एक तक्रार मात्र आजच्या वाचकाने नजरेआड करू नये. ज्यांच्या पूर्वजांनी कधी खणले नाही, नांगर धरला नाही, ओझे वाहिले नाही, अशा कुळांवर आता ती हीन कामे करण्याची पाळी येत आहे, असे मणिराम म्हणतो. हे म्हणणारा माणूस चहाच्या दोन मळ्यांचा धनी आहे. त्याच्या मळ्यांत खणणे, निंदणे, ओझी वाहणे कोणी तरी करीतच होते.

१८५७ मध्ये मणिराम कलकत्त्यात होता. अहोम राजवंशातल्या कंदर्पेश्वर सिंहाला गादी परत मिळावी म्हणून अर्ज करून थकल्यावर त्याने जोरहाटला गुप्त पत्रे पाठवली. ती पकडली गेली. २६ फेब्रुवारी १८५८ रोजी पियाली बरुआसह त्याला जोरहाटमध्ये फाशी झाली, आणि त्याचे मळे लिलावात जॉर्ज विल्यमसनकडे गेले. पत्रांवरून फाशी गेलेल्या माणसावर लोकांनी गीते रचली. १९६३ मध्ये त्याच्यावर असमिया चित्रपट निघाला, संगीत भूपेन हजारिकांचे. त्यातल्या एका गाण्याची चाल आपण सर्वांनी ऐकलेली आहे : ‘रुदाली’मध्ये लता मंगेशकरांनी गायिलेले ‘दिल हूम हूम करे’ हे तीच चाल घेऊन तीस वर्षांनी हिंदीत आले. गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना त्याच्या मुळाशी चहाचा एक मळेवाला आहे हे माहीत असते, देव जाणे.

मणिरामच्या मृत्यूनंतर मळे झपाट्याने वाढले आणि छोटा नागपूर, संथाळ परगणे इथून माणसे आणली जाऊ लागली. भरती करणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. १८६५ च्या कायद्याने मजुराची किमान मासिक मजुरी पुरुषाला पाच, बाईला चार आणि मुलाला तीन रुपये ठरवली. आणि त्याच कायद्याने करार मोडून पळणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला. मणिरामचे दोनशे रुपये १८३९ चे होते, हे इथे आठवावे.

या माणसांना शब्द दिले ते मळ्याबाहेरच्या लेखकांनी. १८७५ मध्ये दक्षिणाचरण चट्टोपाध्यायांचे ‘चा-कर दर्पण’ हे बंगाली नाटक आले. ‘नीलदर्पण’ची पडछाया नावातच आहे. ‘नीलकर’ म्हणजे निळीचा मळेवाला, तसा ‘चा-कर’ म्हणजे चहाचा; मराठी कानाला मात्र आधी चाकरच ऐकू येतो आणि अर्थ अचूक उलटा होतो. दुसऱ्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर नियंत्रणाचा कायदा झाला. त्याचे समर्थन करताना सरकारपक्षाने ज्या नाटकांकडे बोट दाखवले, त्यांत हेही होते. पुढे ब्राह्मो समाजाचे द्वारकानाथ गांगुली १८८६ मध्ये आसामात जाऊन आले आणि त्यांनी वृत्तपत्रांतून मळ्यांची हकीगत मांडली. मुल्कराज आनंद यांची ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’ १९३७ ची. तिच्यातला गंगू पंजाबातून मळ्यावर येतो आणि साहेबाच्या गोळीने मरतो. आमच्या मते ही कादंबरी ‘अनटचेबल’च्या तोडीची नाही. तिच्यात मजुराच्या दुःखाचे निदान डॉक्टर द ला हाव्र करतो, गंगू ते सोसतो. मळ्यातल्या कामाचे कसब, म्हणजे कोणते पान खुडावे, कोणते सोडावे हे बोटांना कळणे, तिथे जवळजवळ नाहीच. करुणेने लिहिलेल्या पुस्तकातही मजूर केवळ सोसणाराच राहिला.

लेखणी हाती असण्याचा हाच फरक समुद्रापलीकडच्या श्रीलंकेतही दिसतो, म्हणून तिथला एक दाखला. जेम्स टेलर हा स्कॉटिश तरुण १८५२ मध्ये सतराव्या वर्षी कॉफीच्या मळ्यावर आला. १८६७ मध्ये कँडीजवळच्या लुलकंदुरा मळ्यात त्याने एकोणीस एकरांत चहा लावला. दोनच वर्षांनी कॉफीवर तांबेरा पडला आणि बघता बघता बेट चहाचे झाले. टेलर आयुष्यभर तिथेच राहिला. मालकांनी अखेर त्याला काढले तरी तो मळा सोडीना, आणि १८९२ मध्ये आमांशाने तिथेच मेला. त्याने घरी लिहिलेली पत्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहेत, म्हणून त्याला चरित्र आहे. त्याची शवपेटी चोवीस तमिळ मजुरांनी आळीपाळीने खांद्यावर घेऊन कँडीपर्यंत नेली, हे प्रत्येक चरित्रकार सांगतो. संख्या नेमकी चोवीस. नाव एकाचेही येत नाही.

पुन्हा आसामात यायचे तर रीता चौधरींच्या ‘माकाम’ (२०१०) या कादंबरीकडे यावे लागते. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात अध्यापन केलेल्या या असमिया लेखिकेने तिनसुकियाजवळच्या माकुम गावच्या चिनी वंशाच्या लोकांची कथा लिहिली. चहाच्या कामासाठी एकोणिसाव्या शतकात आणलेल्या चिन्यांपैकी काही इथेच राहिले, त्यांनी स्थानिक बायकांशी लग्ने केली, त्यांची मुले असमिया बोलू लागली. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, त्यांना घरांतून उचलून आगगाडीने राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेले. पुष्कळांना पुढे चीनला पाठवले गेले, ज्या देशाची भाषाही अनेकांना धड येत नव्हती. कुटुंबे तुटली, माकुममधली मालमत्ता गेली. लेखिकेने विखुरलेल्या माणसांना शोधून, त्यांच्याशी बोलून हे लिहिले आहे. म्हणजे इथेही प्रश्न विचारणारे एक आणि उत्तरे देणारे अनेक आहेत. फक्त उत्तर देणारे आता आपापले घर, आपापला दिवस, आपापली आई सांगतात.

ब्रूसचे ते संभाषण जेमतेम काही पानांचे आहे आणि ‘माकाम’ चांगली जाडजूड आहे. तौलनिक साहित्याच्या एकाच सत्रात ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत असे आम्हांला वाटते. आधी कोणते वाचायला द्यायचे, हे ज्याने त्याने आपला वर्ग पाहून ठरवावे.