कला, अश्लीलता आणि 'पाहणारा' : मुंबईतील काही खटल्यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

भायखळा स्थानकातून नागपाड्याच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या लागतात. बांधकामाच्या कष्टासाठी मुंबईत आलेल्या तेलुगुभाषक कामाठी मजुरांच्या नावावरून ओळखली जाणारी ही वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहराची वेश्यावस्ती म्हणून परिचित झाली. या वस्तीचे अस्तित्व पोलिसांस, नगरपालिकेस आणि रोज तेथून जाणाऱ्या गिरणी कामगारांस ठाऊक होते. तिच्या अस्तित्वाचा कोणास धक्का बसत नव्हता. धक्का बसला तो तिचे चित्र पडद्यावर आले तेव्हा. प्रत्यक्ष वस्तू सहन होते आणि तिची प्रतिमा सहन होत नाही, हा विरोधाभास कायद्याने कसा हाताळला, याचा शोध प्रस्तुत लेखात मुंबईशी निगडित काही खटल्यांच्या आधारे घेतला आहे.

कायद्याची मोजपट्टी

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २९२ मध्ये अश्लील वस्तूच्या विक्रीस शिक्षा होती; 'अश्लील' म्हणजे काय, हे मात्र मुळात सांगितलेले नव्हते. ही पोकळी १८६८ च्या हिकलिन या इंग्रजी खटल्यातील कसोटीने भरून काढली. ज्यांची मने अशा प्रभावास बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती ही वस्तू पडण्याचा संभव आहे, त्यांना ती बिघडवील काय, असा प्रश्न ही कसोटी विचारते. म्हणजे प्रश्न वस्तूचा नाही, पाहणाऱ्याचा आहे. पाहणारा कोण, हे ठरविणारा न्यायाधीश मात्र स्वतःला त्या वर्गात कधीच धरीत नाही. आपण बिघडत नाही, बिघडतो तो दुसरा. बहुधा वयाने लहान, शिक्षणाने कमी किंवा खिशाने रिकामा. अश्लीलतेच्या इतिहासाकडे वर्गाच्या इतिहासाचा एक भाग म्हणून पाहण्यास येथे वाव आहे.

र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील खटल्यांत हे स्पष्ट दिसते. १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत चाललेल्या या मासिकात संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी मराठीत लिहिले जाई. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरेच आक्षेपार्ह ठरली. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. येथे कलेचा प्रश्नही नव्हता. शास्त्रीय माहिती सामान्य मराठी वाचकाच्या भाषेत आली, एवढेच घडले होते.

दालन, पुस्तकाचे दुकान आणि दिवाळी अंक

स्वातंत्र्योत्तर काळातील तीन मुंबई-पुण्यातील प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात अकबर पदमसी यांची 'लव्हर्स' या शीर्षकाची दोन चित्रे पोलिसांनी उतरविण्यास सांगितले. तरुण चित्रकाराने नकार दिला. अटक व खटला झाला. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

कुलाब्यातील हॅपी बुक स्टॉलच्या भागीदारांस तेवढे सुदैव लाभले नाही. १९५९ च्या अखेरीस पोलिसांनी धाडलेल्या बनावट गिऱ्हाइकास लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ची अखंडित प्रत विकल्याबद्दल त्यांना प्रत्येकी २० रुपये दंड झाला. रणजित उदेशी यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९६० मध्येच इंग्लंडमधील ज्यूरीने हेच पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या पेंग्विनला निर्दोष सोडले होते; तरीही १९६४ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी हिकलिनची कसोटी काही फेरफारांसह स्वीकारून शिक्षा कायम केली. ज्या देशातून कसोटी आली, त्या देशाने ती बाजूस सारल्यावर आपण ती जपून ठेवली, ही बाब वसाहतोत्तर न्यायव्यवस्थेच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी होती असे वाटते.

तिसरे प्रकरण मराठी साहित्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ते जवळजवळ अनुपस्थित आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा प्रसिद्ध झाली. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद दाखल झाली. त्या न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने मात्र तो निर्णय फिरवून लेखक व मुद्रक-प्रकाशक यांना प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. रक्कम किरकोळ होती. छापलेला शब्द नष्ट करण्याचा आदेश किरकोळ नव्हता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना मुक्त केले. न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या या निकालात समाजाची मानके बदलत असल्याचे मान्य केले आहे आणि लैंगिकतेचा नुसता उल्लेख अश्लील मानल्यास धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही, असा युक्तिवाद केला आहे. गंमत अशी की, त्याच निकालात कथेची वाङ्मयीन गुणवत्ता बेताची असल्याचाही शेरा आहे. रेल्वे स्थानकांवर आणि फिरत्या वाचनालयांत हातोहात खपणाऱ्या लेखकाची सुटका देशाच्या सर्वोच्च न्यायासनाकडून झाली, ती त्याला अपरिपक्व ठरवून! पण या शेऱ्याचे मोल मोठे आहे. वाईट साहित्य आणि अश्लील साहित्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून मान्य झाले. थोर कलेसाठी सवलत मागणे सोपे असते. सामान्य करमणुकीच्या कथेला तीच मोकळीक देणे कठीण. त्याच वर्षी कलम २९२ मध्ये दुरुस्ती होऊन शास्त्र, साहित्य, कला यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनास अपवाद मिळाला. 'श्यामा'सारख्या कथेला मात्र या अपवादाचा आधार कितपत मिळाला असता, याची शंकाच आहे.

बंद होणारी खिडकी

आता पुन्हा वस्तीकडे वळू. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली या शहरांतील ऐश्वर्य आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा 'चार शहर एक कहानी' हा लघुपट केला. त्यात मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. सर्वांसाठी खुले प्रमाणपत्र हवे असल्यास ती कापावीत, असे केंद्र शासनाने कळविले. खिडकी बंद करणारी स्त्री, उघडे गुडघे आणि हातातून हातात जाणारी नोट ही ती दृश्ये. यांपैकी नोटेवरचा आक्षेप विशेष बोलका आहे. नोटेत कामुक असे काय आहे? ती उघड करते तो व्यवहार, आणि व्यवहार दिसला की पाहणाऱ्यास गिऱ्हाईकही दिसू लागते.

प्रकरण न्यायालयात असतानाच शासनाने माघार घेऊन काटछाटीशिवाय प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. अब्बास यांनी तेवढ्यावर न थांबता पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण घटनात्मक ठरविले. मात्र लैंगिकता आणि अश्लीलता या एकच नव्हेत, हेही स्पष्ट केले. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्लाच होते. सहा वर्षांत एकाच न्यायाधीशाच्या लेखणीतून झालेला हा प्रवास आहे. पुढे १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने हीच वस्ती मराठी कवितेत आणली, तीही आतून, तेथल्याच बोलीत. काठावर उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याच्या नजरेतून नव्हे.

अलीकडचे एक प्रकरण

२०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटी सोडून समकालीन सामाजिक मानकांचा निकष स्वीकारला. परंतु पुढच्याच वर्षी वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या प्रकरणात त्याच निकषाला थोर पुरुषांच्या आदराची जोड मिळाली. २०२३ मध्ये तर मुंबईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परदेशातून आणलेल्या सात कलाकृती अश्लील म्हणून अडवून ठेवल्या. चार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या, तीन अकबर पदमसी यांच्या. २०२४ मध्ये जप्तीचा आदेश निघाला आणि ५०,००० रुपयांचा दंडही झाला. जहांगीरमधील त्या प्रदर्शनास ७० वर्षे झाली होती, पदमसी २०२० मध्येच निवर्तले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसते, हे पुन्हा एकदा सांगून त्याने चित्रे दोन आठवड्यांत परत करण्यास फर्माविले.