काळी रानं रिकामी का असतात

दिंडीची स्थापना कशी झाली, पहिले वीणेकरी कोण, राहुटीसाठी आणि पखवाजासाठी कोणी किती वर्गणी दिली, ही हकीकत या स्मरणिकेत इतरत्र आली आहेच. मला मंडळींनी वाटेचा इतिहास लिहायला सांगितला. वाटेला कसला आलाय इतिहास, असं आधी वाटलं. मग एकेक आठवत गेलो आणि ध्यानात आलं, की आपल्या दिंडीला ज्या गोष्टी उमगल्या त्यातल्या निम्म्या कीर्तनात उमगल्या आणि निम्म्या बांधाकडेनं चालताना.

माझी पहिली वारी १९७३ ची, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मी दहा वर्षांचा, आजोबांचं बोट धरून. आमचं गाव त्र्यंबकच्या खालच्या अंगाला, भाताचं. तिकडे ज्येष्ठात राब भाजून झालेले असतात, रोपं वर येतात, आणि माउली निवृत्तिनाथांची पालखी हलते तेव्हा मागे राहणारे लावणीच्या नादात असतात. भाताच्या माणसाला आषाढात रिकामं रान दिसलं की त्याच्या पोटात गोळा येतो. करमाळ्याच्या पुढे गेलो तर दोन्ही अंगांना काळीभोर रानं पसरलेली, कुळवून स्वच्छ केलेली, आणि त्यांत एक काडी नाही. आजोबा म्हणाले, "आळशी मुलूख. पेरायच्या दिवसांत बघा कसा निजलाय."

दिंडीच्या शेवटाला एक म्हातारे बाबा चालायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, घरच्यांना ते आवडेल की नाही ठाऊक नाही. तरुणपणी ज्वारीच्या काढणीला त्यांनी या मुलखात दोन हंगाम काढले होते. ते वाट सोडून रानात उतरले. पाऊस तिकडे अजून नीट झाला नव्हता, जमिनीला भेगा होत्या. बाबांनी एका भेगेत काठी सोडली, ती हातभर आत गेली. म्हणाले, "आण्णा, हे निजलेलं नाही. हे आ वासून बसलंय. आता पडंल ते सगळं पाणी हे पिऊन ठेवणार, आणि गणपती उठल्यावर ज्वारी पेरली की थंडीभर तेच पाणी तिला पाजणार. आपल्यागत आत्ताच पेरलं तर आत्ताचं बी जाईल आणि मागचंही."

आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी हरिपाठ झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "काठी किती आत गेली रे?"

आता थोडं जमिनीविषयी सांगतो, कारण आपल्या वाटेवर ते जितकं उघड दिसतं तितकं फार थोड्या वाटांवर दिसत असेल. ब्रह्मगिरीवर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून नाशिक आठ कोस, नाशिकहून सिन्नर तितकंच. आणि सिन्नरच्या पूर्वेला गेलात की वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशेवर येतो. चार दिवसांच्या चालीत पाऊस पाव हिश्शावर! सह्याद्री ढग अडवतो, घाटमाथ्यावर रिकामे करतो, आणि पुढच्यांना उरलंसुरलं मिळतं. आमच्याकडे उतारावर नागली, वरई, खुरासणी आणि खाचरात भात. सिन्नरला बाजरी, मटकी, हुलगा. राहुरीकडे कालव्याचा ऊस. नगर ओलांडून मिरजगाव, करमाळा आलं की ज्वारी.

आणि खाली खडक मात्र एकच. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर साचला, त्याचाच हा काळा पाषाण, ब्रह्मगिरीपासून पंढरीपर्यंत. जिथे पावसाचा मारा फार तिथे पाण्याने त्यातली क्षारद्रव्यं धुऊन नेली, लोह मागे राहिलं, माती तांबडी झाली. जिथे पाऊस बेताचा तिथे ती जागेवरच राहिली, माती चिकट, काळी, पाणी धरून ठेवणारी झाली. एका आईची दोन लेकरं, एक धुऊन निघालेलं, एक साठवून बसलेलं. तांबडीत ज्वारी घालाल तर ती रडेल, काळीत भाताचा राब कराल तर तुम्ही रडाल. कोणती माती चांगली, हा प्रश्न शेतकरी विचारत नाही. हिला काय मानवतं, एवढंच तो बघतो.

आमची आजी हे चुलीवरून ओळखायची. मुक्कामाला गाववाले भाकरी आणून देत, तर ती नुसत्या हाताला लागून सांगायची, ही सिन्नरची, ही नगरपलीकडची. नागलीची भाकरी थापताना चिरते म्हणून उकड काढावी लागते, ज्वारीची थापटीबरोबर सरकत जाते. "प्रत्येक पिठाशी वेगळं बोलावं लागतं," हे तिचं म्हणणं. फक्त त्या वर्षीची रेशनची लाल मिलो तिला कधी जमली नाही. तिच्याशी काय बोलावं ते कळेना, म्हणायची.

हे बघणं आपल्या संतांकडूनच आलेलं आहे. करकंबपासून अरण फार लांब नाही. तिथले सावता महाराज पंढरीला न जाता मळ्यातच राहिले, आणि वाफ्यातल्या भाजीत त्यांना विठ्ठल भेटला, अशी परंपरा आहे. आजही पंढरीहून देवाची पालखी अरणला जाते, देव माळ्याकडे जातो. मळा म्हणजे काय, तर कांदा कांद्यासारखा आणि मिरची मिरचीसारखी होऊ देणं. माळ्याने मिरचीला गोड हो म्हणून शिकवलेलं कोणी ऐकलं आहे का? ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, १२९० साली. ते नेवासं आपल्या राहुरीच्या मुक्कामापासून जवळच. त्या ग्रंथात शेतीवाडीचे, पाण्यापावसाचे, झाडांचे किती दृष्टांत आहेत ते ज्याने पारायण केलंय त्याला सांगायला नको. बाराव्या अध्यायात झाडाचा दृष्टांत येतो, लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देणाऱ्या झाडाचा.

आणि आपले चौघे तरी कुठे सारखे? ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने चुकलेला थोरला मुलगा गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, असं चरित्रात सांगतात. तो वाट चुकला म्हणून संप्रदायाला वाट मिळाली. निवृत्तिनाथ शांत, कमी बोलणारे. ज्ञानदेव अवघं बोलून दाखवणारे. सोपानदेव मागे मागे राहणारे. मुक्ताबाई धाकटी, पण थोरल्यांना खडसावणारी. समाध्याही चार ठिकाणी, त्र्यंबक, आळंदी, सासवड आणि तापीकाठी. चारही पालख्या आपापल्या वाटेने, आपापल्या शिस्तीने येतात आणि वाखरीला भेटतात. चौघांना एकाच वाटेने चालवा, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण स्मरणिका शंभर वर्षांची आहे, तेव्हा शंभर वर्षांतलं सगळंच आलं पाहिजे.

ते बाबा दिंडीच्या शेवटाला का चालत? पाय थकले म्हणून नव्हे. आजोबांपेक्षा ते झपझप चालत. ते चोखोबांच्या समाजातले होते. भजनात त्यांचा टाळ सर्वांबरोबर वाजायचा, जेवायला मात्र पान बाजूला, आणि त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात. आपल्याच दिंडीत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. विचारलं तर मोठी माणसं निसर्गाचाच दाखला देत, की पाची बोटं सारखी नसतात, ज्याचं त्याचं रान वेगळं. म्हणजे पाहा, जो दाखला मी वर इतक्या कौतुकाने दिला, तोच दाखला माणूस दूर बसवायलाही कामी येत होता. बोटं सारखी नसतात हे खरं. पण करंगळीला वेगळ्या ताटात जेवू घातलेलं मी कुठे पाहिलं नाही.

हे एकट्या आपल्या दिंडीचं नव्हतं. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीजवळ, हे प्रत्येक वारकऱ्याने पाहिलेलं आहे. इरावतीबाई कर्वे आळंदीच्या वारीला चालल्या आणि त्यावर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. एकाच दिंडीत दोन जातींच्या पंगती वेगळ्या बसतात, याचं दुःख त्यात आहे. आपल्या नाशिकात २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो इथे राहून चालवला, पाच वर्षं. दार उघडलं नाही. मग १९३५ साली आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आपली दिंडी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. दरसाल नाशिकात मुक्काम करत होती. जुन्या वह्यांत त्या वर्षांचे शिधा-तेलाचे हिशेब आहेत, बाकी काही नाही. विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरीत दहा दिवस उपाशी राहिले. दार उघडलं. पंगत मात्र उघडली नव्हती. बाबांच्या घरचे सगळे धम्माकडे गेले. बाबांनी माळ उतरवली नाही, आणि घरच्यांना नावंही ठेवली नाहीत.

पंगत उघडली ती त्याच १९७३ च्या वारीत. कोणी ठराव केला नाही, प्रवचन झालं नाही. करमाळ्याच्या पुढच्या एका मुक्कामी विहिरीला पाणी नव्हतं, मिळालं ते मोजून. स्वयंपाकी म्हणाला, एकच पातेलं चढेल आणि भांडी एकदाच घासली जातील. पानं मांडली. बाबा नेहमीच्या जागी दूर जाऊन बसले. आजोबा उठले, त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, "चला, वाढायला तिकडवर पाणी नाही." बाबा आले. आजीने दोघांच्या पानात मिलोची भाकरी टाकली. कोणी मान वर केली नाही. सारे खाली बघून जेवले.

दुसऱ्या दिवशी पाणी भरपूर होतं. पण पातेलं पुन्हा वेगळं झालं नाही. टंचाई संपल्यावर आजोबांनी बाबांना परत दूर बसू का दिलं नाही, हे मी पुढे त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्यांनी आदल्या दिवशी रान दाखवलं होतं ना." एवढंच.

आपल्या दिंडीत पहिल्यापासून समता होती, असं भाषणात सांगितलं जातं. तसं नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं नव्हतं, हे कुठेतरी छापलेलं असावं म्हणून मी लिहिलं.

वाटही आता बदलली. उजनी १९८० साली पुरी झाली, पाणी आलं. जेऊर-कंदरच्या बाजूला ऊस आणि केळी उभी असतात, आषाढातही हिरवंगार. तिथल्या लोकांचं भलं झालं, त्याला मी नावं ठेवत नाही. आमच्याकडची नागलीही उतारावरून कमी होत चालली आहे. तरी रावगाव ते जेऊरच्या दरम्यान अजून एक-दोन काळी रानं आषाढात रिकामी दिसतात. दिंडीतली नवी पोरं विचारतात, इथे काही पेरलं का नाही? मग मी वाट सोडून खाली उतरतो आणि एखादी भेग शोधतो. काठी बाबांची नाही, माझीच आहे. मागच्या वर्षी वीतभर गेली, पाऊस आधी झाला होता.