रूझवेल्टचं बूच

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. माणूस नोकरी सोडून गेला, की त्याच संध्याकाळी त्याचे पासवर्ड बंद करायचे. सिस्टीम त्यानेच लिहिलेली असेल तर आधी बंद करायचे, कारण सगळ्या खाचाखोचा त्यालाच माहीत. पण कायदे लिहिणारा माणूस सरकार सोडून गेला तर? त्याचे पासवर्ड कुठल्या संगणकात नसतात. ते असतात त्याच्या डायरीत, फोन नंबरांच्या रूपात.

हे डोक्यात घोळायला कारण एक इंटरव्ह्यू. तीन वर्षं मी एका सरकारी खात्याच्या प्रकल्पावर काम केलं आणि आता त्याच खात्याला माल विकणाऱ्या एका कंपनीने मला बोलावलं. तासाभरात "तुमची तिथे ओळख आहे" हे वाक्य पाच वेळा ऐकलं. कोडबद्दल एकही प्रश्न नाही! घरी येऊन जुनं वाचन उकरून काढलं आणि थॉमस कॉर्कोरन पुन्हा भेटला.

तर हा गडी 1900 सालचा, ऱ्होड आयलंडचा. हार्वर्डला कायदा शिकला, प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टरचा लाडका विद्यार्थी. पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स यांच्या हाताखाली उमेदवारी, मग वॉल स्ट्रीट, आणि 1932 साली वॉशिंग्टन. महामंदीचे दिवस. 1933 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि कॉर्कोरनचं नशीब फळफळलं.

त्याचा जोडीदार बेंजामिन कोहेन. कोहेन लाजाळू, पुस्तकी. कॉर्कोरन अकॉर्डियन वाजवून मैफल गाजवणारा. कोहेनने मसुदा करायचा, कॉर्कोरनने तो काँग्रेसमधून रेटून न्यायचा. शेअर विकणाऱ्या कंपनीने खरी माहिती उघड केलीच पाहिजे, हा 1933 चा कायदा घडवण्यात जेम्स लँडिसबरोबर हे दोघे होते. 1934 च्या शेअर बाजाराच्या कायद्यातही होते. आज आपण आयपीओचं प्रॉस्पेक्टस (न वाचता) बाजूला ठेवतो, त्या कल्पनेच्या मुळाशी अशीच माणसं आहेत.

1935 साली त्यांनी वीज कंपन्यांच्या साखळ्यांवर हात घातला. एका होल्डिंग कंपनीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, असा तो कारभार होता. कंपन्या चवताळल्या. काँग्रेसवर विरोधाच्या तारांचा पाऊस पडला. चौकशी झाली तेव्हा निघालं, की त्यातल्या कितीतरी तारा बनावट होत्या, डिरेक्टरीतून नावं उचलून पाठवलेल्या. ही चौकशी करणारा सिनेटर होता ह्यूगो ब्लॅक. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

रूझवेल्ट कॉर्कोरनला 'टॉमी द कॉर्क' म्हणत. कॉर्क म्हणजे बूच. कितीही दाबा, वर येणारच. 1938 मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तो आणि कोहेन झळकले. पण त्याच वर्षी पक्षातल्या विरोधकांना निवडणुकीत पाडायची मोहीम बऱ्याच अंशी फसली. ती चालवण्यात कॉर्कोरन पुढे असल्याने शत्रू भरपूर झाले. त्याला सॉलिसिटर जनरल व्हायचं होतं. 1941 साली ते पद दुसऱ्याला मिळालं. गुरू फ्रँकफर्टर तोवर सुप्रीम कोर्टात जाऊन बसले होते, शिष्याच्या कामी आले नाहीत.

मग बूच पाण्यातून उडालं ते थेट पैशात. त्याच वर्षी 'चायना डिफेन्स सप्लाइज' नावाची कंपनी उभी राहिली. चीनला अमेरिकन युद्धसामग्री मिळवून द्यायची. (हीच अमेरिकन मदत पुढे आसामातून हिमालयावरून विमानांनी चीनला जायची.) कंपनीत कॉर्कोरनचा भाऊ होता, आणि मानद पदावर खुद्द रूझवेल्टचे मामा. वर्ष संपायच्या आत सिनेटच्या ट्रूमन समितीपुढे त्याला आपल्या फीबद्दल जबाब द्यावा लागला. पुढे हेच ट्रूमन अध्यक्ष झाले आणि त्यांच्या काळात एफबीआयने कॉर्कोरनचा फोन टॅप केला. हजारो पानं भरली. 2010 साली आपल्याकडे लॉबिंगच्या टेप्स छापून आल्या तेव्हा अनेकांनी आश्चर्य व्यक्त केलं. मला वाटतं, ते जरा उशिराचं आश्चर्य होतं.

आता खरी गंभीर गोष्ट. त्याचं एक अशील होतं युनायटेड फ्रूट, म्हणजे केळीवाली कंपनी. ग्वाटेमालाच्या आर्बेंझ सरकारने 1952 मध्ये जमीन सुधारणा आणली आणि कंपनीची पडीक जमीन घ्यायला सुरुवात केली. एका मोठ्या तुकड्याची भरपाई ठरली सुमारे 6 लाख 27 हजार डॉलर. का? तर कर भरताना कंपनीनेच तेवढी किंमत दाखवली होती! कंपनीतर्फे अमेरिकन सरकारने मागितले सुमारे 1 कोटी 58 लाख. कॉर्कोरनने परराष्ट्र खातं आणि सीआयए यांच्या दारांत कंपनीचं म्हणणं पोचवलं. सीआयएचे प्रमुख बेडेल स्मिथ त्याच्या ओळखीचे. जून 1954 मध्ये सीआयएच्या कारवाईत आर्बेंझ गेले. स्मिथ पुढे युनायटेड फ्रूटच्या संचालक मंडळावर गेले. हे सगळं एकट्या कॉर्कोरनने घडवलं असं नाही, शीतयुद्धाची भीती होतीच. पण ग्वाटेमालात 1960 ते 1996 यादवी चालली आणि सुमारे 2 लाख माणसं मेली किंवा नाहीशी झाली, हा हिशोब कुठल्याच फीच्या बिलात येत नाही.

आणि ह्यूगो ब्लॅक? ते 1937 पासून सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती होते. 1969 साली कॉर्कोरन त्यांच्या कचेरीत गेला, एल पासो नॅचरल गॅस कंपनीच्या खटल्याची फेरसुनावणी व्हावी म्हणून. ब्लॅकनी त्याला बाहेरची वाट दाखवली. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्याकडेही तो गेला, तिथेही काम झालं नाही. 1979 साली एका पुस्तकातून हे बाहेर आलं, वकिलांच्या संघटनेने चौकशी केली, शिक्षा काही झाली नाही. 1935 साली ऊर्जा कंपन्यांच्या लॉबीविरुद्ध दोघे एकाच बाजूला होते. 34 वर्षांनी एक तिथेच उभा, आणि दुसरा टेबलाच्या पलीकडे.

कॉर्कोरन 1981 मध्ये गेला. कोहेन 1983 मध्ये. कोहेन युद्धकाळात लेंड-लीजच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कामात राबले, श्रीमंत झाले नाहीत. दोघांच्या डायऱ्यांत नंबर साधारण तेच असणार.

कॉर्कोरनला खलनायक ठरवणं सोपं आहे. पण त्याने लिहिलेले कायदे चांगलेच होते आणि टिकले. मला खटकतं ते वेगळंच. त्याच्या हुशारीला कुणी गिऱ्हाईक नव्हतं असं नाही, पण ओळखीला भाव जास्त आला, आणि त्याने तो घेतला.

असो. त्या कंपनीला सोमवारी मेल पाठवली. "तांत्रिक कामासाठी बोलावणार असाल तर येतो" असं लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही. बहुधा येणारही नाही. :)