तैलरंगाचा साबण कसा होतो?

दारावर किंवा खिडकीवर वर्षानुवर्षे टिकणारा तैलरंग मोटारीच्या गॅरेजमधील काँक्रीटच्या जमिनीला दिला, तर बरेचदा थोड्याच काळात त्याचे पोपडे निघू लागतात. असे झाले की आपण रंगाला किंवा रंगाऱ्याला दोष देतो. खरे कारण मात्र जमिनीत असते. ते समजून घेण्यासाठी आपल्याला सुमारे दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

1823 साली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबीवरील आपल्या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर उकळली की तिच्यापासून ग्लिसरीन वेगळे होते आणि मेदाम्लांचे क्षार तयार होतात. हे क्षार म्हणजेच साबण, असे त्याने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, 1824 मध्ये, इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

पण संबंध होता. सिमेंटची पाण्याशी क्रिया होते तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपली चुन्याची निवळी ज्याची असते तेच संयुग, मुक्त होते. ताज्या काँक्रीटचा पीएच 12 ते 13 असतो. जुन्या तैलरंगाचा मुख्य घटक जवसाचे तेल. हवेतील ऑक्सिजन शोषून ते घट्ट होते, पण त्याचे एस्टर बंध तसेच राहतात. जमिनीतील ओल केशाकर्षणाने वर येते, सोबत अल्कली आणते आणि हे बंध तोडते. रंगाच्या खालच्या बाजूस अक्षरशः साबण होतो. मग पापुद्रा कशाला धरून राहणार?

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या, गॅरेजे आली आणि काँक्रीटच्या जमिनीही वाढल्या. त्या काळी अमेरिकेतील रंगारी सिमेंटवर आधी झिंक सल्फेटचे द्रावण फासत. त्याने कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम सल्फेट होते आणि झिंक हायड्रॉक्साइडचा अविद्राव्य साका बसतो. दुसरा उपाय सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने जमीन धुण्याचा. त्याने पृष्ठभागावरील सिमेंटची कमकुवत साय निघते आणि खरखरीतपणा येऊन रंगाला पकड मिळते. पण दोन्ही उपाय वरवरचे. ओलीबरोबर आतली अल्कली पुन्हा वर येतेच.

अल्कलीला दाद न देणारा रंग मिळाला तो एपॉक्सी रेझिनांमुळे. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी 1930 ते 1950 या काळात ती विकसित केली. अमाइनने घट्ट केलेल्या एपॉक्सीत एस्टर बंधांऐवजी ईथर बंध असतात. अल्कली त्यांना सहजासहजी तोडू शकत नाही.

म्हणून प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. एपॉक्सीचा साबण होत नाही, पण तिच्यातून बाष्पही सहज बाहेर पडत नाही. खालून ओल येत असेल तर तिच्या दाबाने फोड येतात. तेलाचे डाग किंवा धूळ राहिली, तरी पकड सुटते. म्हणूनच नवीन काँक्रीट निदान 28 दिवस मुरू द्यावे आणि नंतर तपासून पाहावे.

ही तपासणी शाळेतही करता येईल. वर्गातील कोब्यावर सुमारे 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान 16 तास ठेवावा. खाली दव साचले किंवा जमीन काळपट झाली, तर ओल आहे असे समजावे. मग जमीन थोडी ओली करून तिच्यावर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद दाबावा. तो लालसर झाला तर अल्कली आहे. वेगवेगळ्या वयांच्या जमिनींवर हा प्रयोग करून विद्यार्थ्यांना नोंदी ठेवायला सांगाव्यात. जुन्या कोब्यावर कागदाचा रंग कमी का बदलतो, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्यावा. हवेतील कार्बन डायऑक्साइडने चुन्याच्या निवळीचे काय होते, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेलेच असते.