शितावरून भाताची परीक्षा

पीएचडी करत असताना एकदा मी एकाच नगावर केलेल्या चाचणीचा आलेख घेऊन मोठ्या उत्साहाने गाईडसमोर गेलो होतो. त्यांनी तो नीट पाहिला, छान आहे म्हणाले, आणि मग शांतपणे विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?" बाकीचे नव्हतेच! आम्हा इंजिनियर लोकांत एका नगावरून काही सिद्ध करणं हे पाप समजलं जातं. आपल्याकडची आजी मात्र पातेल्यातलं एक शीत दोन बोटांत दाबते आणि भात झाला की नाही ते सांगते. तिचं सहसा चुकत नाही, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात.

पण समजा, ते शीतच जगावेगळं असेल तर? खेळाडूंवरच्या संशोधनात नेमका हाच पेच पडतो. जगज्जेता एकच असतो. त्याच्यासारखे तीस जण गोळा करून सरासरी काढायची म्हटली तर आणायचे कुठून? म्हणून एकाच खेळाडूला प्रयोगशाळेत नेऊन तपासायची एक परंपरा गेली शंभर वर्षं चालू आहे. तिचा इतिहास मोठा मजेदार आहे, आणि थोडा बोचराही.

सुरुवात बेब रूथपासून करू. बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा अमेरिकन चुलतभाऊ, आणि होमरन म्हणजे साधारण आपला षटकार. १९१९ साली रूथने एका मोसमात २९ होमरन मारून विक्रम केला आणि पुढच्याच वर्षी तो ५४ वर नेला. लोक चक्रावले. १९२१ च्या उन्हाळ्यात ह्यू फुलर्टन नावाचा क्रीडापत्रकार त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. तिथे त्याच्या छातीला नळी बांधून बॅट फिरवताना श्वास कसा चालतो ते पाहिलं, दिवा लागला की बटण दाबायला लावलं, धातूच्या पट्टीवर टकटक करायला लावली. निकाल पॉप्युलर सायन्स मासिकात छापून आला. दिवा पाहून प्रतिसाद द्यायला सामान्य माणसाला सेकंदाचे १८० हजारांश भाग लागतात, रूथला १६० लागले. झालं! रूथचं गुपित म्हणजे त्याचे डोळे, कान आणि मज्जासंस्था, असा निष्कर्ष निघाला.

आता जरा विचार करा. सेकंदाच्या ५० व्या भागाचा हा फरक. तेवढ्यावर एखादा माणूस बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे जाईल? आणि सामान्य लोकांपेक्षा वेगळं जे जे सापडलं ते यशाचं कारणच असेल कशावरून? उद्या रूथचे कान मोठे निघाले असते तर?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं जावी लागली. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अल्बर्ट पुहोल्स या त्या काळच्या अव्वल फलंदाजावर तशाच चाचण्या पुन्हा केल्या. बोटांनी टकटक करण्यात तो शंभरात पहिला आला. पण गंमत अशी की त्याआधी दोनच वर्षं, २००४ साली, एका प्रदर्शनीय सामन्यात जेनी फिंच या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीने याच पुहोल्सला सरळ बाद केलं होतं. डोळे तेच, मज्जातंतू तेच. मग घोडं अडलं कुठे? तर बेसबॉलमधला वेगवान चेंडू साधारण ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. तेवढ्या वेळात चेंडू शेवटपर्यंत पाहून मग ठरवू म्हटलं तर उशीर झालेला असतो. चांगला फलंदाज गोलंदाजाचा खांदा, मनगट आणि चेंडूचा पहिला टप्पा पाहून अंदाज बांधतो, आणि हा अंदाज हजारो चेंडू खेळून कमावलेला असतो. फिंच खालून हात फिरवून चेंडू टाकत होती. त्या हालचालीची पुहोल्सकडे शिदोरीच नव्हती. म्हणजे कोलंबियातल्या मंडळींनी मोजलं ते अचूक असेलही, पण जे मोजायला हवं होतं ते त्यांच्या यंत्रांत मावत नव्हतं.

दुसरी गोष्ट क्लॅरेन्स डीमारची. हा छापखान्यात खिळे जुळवणारा साधा माणूस. १९११ च्या बॉस्टन मॅरेथॉनआधी त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या हृदयात मर्मर ऐकू आली आणि त्यांनी पळणं सोडायचा सल्ला दिला. पठ्ठ्या पळाला, आणि जिंकला! पुढे एकूण सात वेळा त्याने ती शर्यत जिंकली, शेवटची १९३० साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. १९२७ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्डच्या 'फटीग लॅबोरेटरी'त त्याला ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा ज्या वेगाला इतरांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल भराभर साठायचं, त्या वेगाला डीमारच्या रक्तात ते जेमतेम वाढत होतं. १९५८ साली तो कर्करोगाने गेला. शवविच्छेदनाचा अहवाल १९६१ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या हृदयाच्या धमन्या नेहमीपेक्षा दोन ते तीन पट रुंद निघाल्या.

आता या एका शितावरून काय सिद्ध होतं? पळल्याने धमन्या रुंद होतात, हे नाही. त्या जन्मतः तशा असतील, आणि म्हणूनच तो पळू शकला असेल. पण "असं हृदय असलेला माणूस लांब पळूच शकत नाही" हा नियम मात्र या एकाच माणसाने मोडला. नियम बांधायला हजार माणसं लागतात, तो मोडायला एक पुरतो.

तिसरी गोष्ट पॉला रॅडक्लिफची, आणि माझ्या मते ही सगळ्यांत चांगली. अँड्र्यू जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तिला एकदा नव्हे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००३ पर्यंत वारंवार मोजलं. तिची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरण्याची क्षमता इतक्या वर्षांत जवळपास तेवढीच राहिली, मिनिटाला किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर. बदललं ते वेगळंच. एक किलोमीटर पळायला तिला १९९२ साली किलोमागे सुमारे २०५ मिलिलिटर ऑक्सिजन लागायचा, तो २००३ मध्ये १७५ वर आला. आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिन तेच, पण गाडीचं ॲव्हरेज सुधारलं! त्याच वर्षी तिने लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो २०१९ पर्यंत टिकला. इथे तुलना इतरांशी नाही, कालच्या पॉलाशी आहे. शीत एकच, पण ते शिजताना पुन्हा पुन्हा पाहिलेलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर कथा गोड झाली असती. पण २००५ साली टेक्सास विद्यापीठाच्या एडवर्ड कॉइल यांनी लान्स आर्मस्ट्राँगवर अगदी असाच निबंध प्रसिद्ध केला. १९९२ ते १९९९ दरम्यानची मोजमापं, स्नायूंची कार्यक्षमता ८ टक्क्यांनी सुधारली हा निष्कर्ष. काही ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्यातल्या पद्धतीवर आणि आकडेमोडीवर बोट ठेवलं, २००८ मध्ये त्याच नियतकालिकात वाद रंगला, कॉइल यांनी हिशेबातली एक चूक मान्यही केली. पण खरा घोटाळा हिशेबात नव्हताच. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली. हजार माणसांच्या अभ्यासात एक लबाड निघाला तर सरासरी थोडी हलते. एकाच माणसाच्या अभ्यासात तो एकच लबाड निघाला, तर हातात काय उरतं?

गाईडच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज विचाराल तर मी असं देईन: बाकीचे नसले तरी चालेल, पण मग त्या एकालाच पुन्हा पुन्हा मोजा, त्याच्याबद्दल काय काय मोजलेलं नाही तेही लिहून ठेवा, आणि एका शितावरून अख्ख्या पातेल्याबद्दल बोलू नका. आजी हे सगळं न सांगता करायची. भात नवा की जुना, पाणी किती घातलंय आणि चूल कोणी पेटवलीय, हे तिला शीत दाबायच्या आधीच ठाऊक असायचं.