दमणारा गोलंदाज, न दमणारी सरासरी

गोंदियाजवळच्या मुर्रीची शाळा घ्या की मुंबईची, मधल्या सुटीत पुस्तक-क्रिकेट खेळलेले विद्यार्थी बहुतेक वर्गांत सापडतात. पुस्तक मध्येच उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक पाहायचा. २, ४, ६ आल्यास तेवढ्या धावा, ८ आल्यास एक, शून्य आल्यास बाद. (नियम गावोगाव बदलतात, आम्ही हा धरला आहे.) पाचही अंकांची शक्यता सारखी मानली, तर बाद होण्यापूर्वी सरासरी चार वेळा धावा मिळतात, दर वेळी सरासरी सव्वातीन. म्हणजे प्रत्येक फलंदाजाची सरासरी १३! वहीत गावस्करांचे नाव लिहा की चंद्रशेखरांचे, फरक पडत नाही. प्रत्यक्ष कसोटीत मात्र एकाची सरासरी ५१.१२ आणि दुसऱ्याची ४.०७.

हा दोष अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी दूर केला. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या खेळात प्रत्येक खेळाडूचे वेगळे कार्ड असते, आणि त्याच्या खऱ्या हंगामातील आकड्यांवरून ते बनवलेले असते. तीन फासे टाकायचे. एक फासा सांगतो की कार्ड फलंदाजाचे पाहायचे की गोलंदाजाचे. उरलेल्या दोहोंची बेरीज निकाल सांगते.

पण येथे नवीच अडचण उभी राहते. १९५७ मध्ये मिलवॉकी संघात हंगामाच्या मध्यावर आलेल्या बॉब हेझलने १३४ संधींत ०.४०३ अशी विलक्षण सरासरी राखली. पुढच्याच वर्षी ती ०.२११ वर घसरली, आणि त्याची मोठ्या स्पर्धांतली कारकीर्द संपली. १३४ संधींच्या सरासरीत केवळ योगायोगाने सुमारे ०.०४ चा फरक सहज पडू शकतो; संधी चौपट झाल्या तर तो निम्म्यावर येतो. कार्डाला यातले काहीच ठाऊक नसते. १९५७ चा हंगाम घरी फाशांवर पुन्हा खेळणारा हेझलला पहिल्या सामन्यापासून उतरवील, आणि कार्ड वर्षभर ०.४०३ च देत राहील. म्हणून जाणत्या खेळाडूंनी वापरावर मर्यादा घातली : खऱ्या हंगामात जेवढ्या संधी मिळाल्या तेवढ्याच, फार तर थोड्या जास्त. चेंडू फेकणाऱ्याच्या बाबतीत शरीराचाही प्रश्न येतो. खरा पिचर दोन सामन्यांमध्ये काही दिवस विश्रांती घेतो, कार्ड घेत नाही.

आपल्याकडे असे कार्ड करायचे तर नाशिकच्या बापू नाडकर्णींचे करून पाहावे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या डावात त्यांनी ३२ षटके टाकली. त्यांतली २७ निर्धाव (पैकी २१ सलग), धावा ५, बळी एकही नाही. ओळीने १३१ चेंडूंवर धाव निघाली नाही. या एका डावावरून कार्ड केले, तर नाडकर्णी एका टोकाने दिवसभरात ४५ षटके टाकतील आणि सात धावा देतील. दोन्ही टोकांनी टाकायला क्रिकेटचा नियमच आडवा येतो, हे फलंदाजांचे नशीब! पण समोर इंग्लंडचे फलंदाज बचावाचाच खेळ करत होते, हे कार्डावर कोठे लिहिणार?

तेव्हा आकडे पूर्ण कारकिर्दीचे घ्यावेत. ४१ कसोटींत ९१६५ चेंडू, २५५९ धावा, ८८ बळी. षटकामागे १.६७ धावा होतात. चिवटपणा कायम राहतो, चमत्कार उरत नाही. सहा चेंडूंचे षटक धरल्यास सामन्यामागे सुमारे ३७ षटके पडतात, आणि हीच त्यांच्या वापराची मर्यादा म्हणता येईल.

मात्र ती कोठे लावायची याचा विचार हवा. ३७ चे निम्मे करून डावाला १८-१९ षटके असा नियम केला, तर मद्रासचा तो डावच खेळात अशक्य ठरतो, आणि तो तर खरोखर घडलेला आहे. एकदिवसीय क्रिकेटमध्ये अशी डावागणिक मर्यादा आहेच : १९६३ च्या जिलेट कपमध्ये ६५ पैकी १५ षटके, आज ५० पैकी १०. पण तेथे कर्णधाराला पाच गोलंदाज वापरायला लावायचे असते. घडून गेलेल्याची नक्कल करायची नसते. आपल्या खेळात मर्यादा मालिकेच्या एकूण षटकांवर घालावी. मग एखाद्या डावात नाडकर्णींना ३२ षटके टाकू द्यायला हरकत नाही. पुढच्या सामन्यात ती वळती करून घ्यावीत.