बारकोड ८९० म्हणजे माल भारतातलाच का?

नाही. ८९० एवढंच सांगतो की बारकोडचा क्रमांक कंपनीने जीएस१ इंडियाकडून घेतलाय. आतली तूरडाळ मोझांबिक किंवा म्यानमारच्या तुरीचीही असू शकते.

मी बीडमध्ये किराणा घेताना पाकिटावरचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर बघतो. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपमध्ये तो टाका. परवाना कुणाचा, पत्ता कुठला, ते दिसतं. शेत मात्र त्यातूनही कळत नाही.

सुट्या मालावर तर नंबरच नसतो. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव कायद्याने जपलेलं आहे. तरी हातगाड्यावरचं फळ बालाघाटच्या डोंगरातलं की बाहेरचं, हे मोबाईल सांगत नाही. तिथे सरळ विचारायचं, ‘कोणत्या गावचं आहे?’